अर्ध्या मीटरखालची जमीन

जमीन काहीही विसरत नाही. हे वाक्य आमच्या वसाहतीच्या तोंडाशी गंजक्या पोलादाच्या उंच पत्र्यावर कोरलेलं आहे, आणि संध्याकाळी त्याच्यावर खालून दिव्याचा उजेड पडतो. जमिनीला काय आठवतं ते मला ठाऊक नाही. पण तो पत्रा ज्या मातीत रोवलाय ती ट्रकने बाहेरून आणून टाकलेली आहे. तिला काही आठवलंच तर ते दुसऱ्या कुठल्या तरी उपनगरातलं असणार.

वसाहत मेलबर्नच्या पश्चिमेला आहे, वेरिबीच्या बाजूला. नेमकी कुठे ते सांगत नाही, कारण शेजाऱ्यांना कधी ना कधी घरं विकायची आहेत. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचं कोठार होतं. जपानी येतील आणि विषारी वायू सोडतील, या धास्तीने ऑस्ट्रेलियाने मस्टर्ड वायूचा साठा गुपचूप बोटींनी मागवला आणि ठिकठिकाणी लपवून ठेवला. त्यातलं एक ठिकाण हे. वायू म्हणतात, पण खरं तर ते तेल असतं. कातडीला लागलं तरी लगेच काही कळत नाही, काही तासांनी फोड येतात. जपानी काही इथवर आले नाहीत. वायू शत्रूवर कधीच सोडावा लागला नाही. भाजले ते फक्त तो सांभाळणारे स्वतःचेच शिपाई. युद्ध संपल्यावर थोडा माल खड्ड्यांत जाळला, थोडा समुद्रात बुडवला आणि उरलेला तिथेच पुरला. कुठे काय पुरलंय हे ज्यांना माहीत होतं ते निवृत्त झाले, मग वारले. पुढे कित्येक वर्षं तिथे मेंढ्या चरल्या.

मग शहर सरकत सरकत तिथवर आलं आणि मेंढ्यांपेक्षा घरं परवडतात, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. साफसफाई सुरू झाली. मोठाले तंबू, पांढऱ्या पोशाखातली माणसं, हवा हुंगणारी यंत्रं. खराब माती खणून दुसरीकडे नेली. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते विक्रीच्या माहितीपत्रकात नव्हतं. जिथे खणणं परवडेना तिथे प्लास्टिकची नारिंगी जाळी अंथरली आणि तिच्यावर अर्धा मीटर चांगली माती पसरली. ही जाळी कशाला अडवत नाही. ती नुसता निरोप आहे: पुढे कधी कोणी खणलं आणि नारिंगी दिसलं, तर त्याने थांबावं. आमच्या परसाखाली ही जाळी आहे. घर घेताना तसं सांगितलं होतं आणि सह्याही घेतल्या होत्या. साफसफाईच्या काळातली प्रत्येक बैठक, देशाच्या रिवाजाप्रमाणे, इथल्या मूळ आदिवासी रहिवाशांबद्दल आदर व्यक्त करून सुरू व्हायची. वायू पुरताना त्यांना कोणी विचारलं होतं का, हा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवर कधी आला नाही.

हे सगळं मला माहीत आहे कारण मी कौन्सिलच्या लायब्ररीत काम करतो. स्थानिक इतिहासाचं कपाट माझ्याकडे आहे. ते कोणी उघडत नाही, त्यामुळे वाचायला भरपूर वेळ मिळतो.

साथीच्या वर्षी, साथ यायच्या आधी, माझे वडील वसईहून आले. इथल्या उन्हाळ्यात दोन महिने राहून ईस्टरला परत, असा बेत होता. आई आली नाही. तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं आईच करायची. शिवाय विमानात इतका वेळ पप्पांच्या शेजारी बसून त्यांच्या सूचना ऐकणं आपल्याच्याने होणार नाही, असं तिने सांगितलं होतं.

पप्पांनी जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केली, पण नोकरी हा त्यांचा जोडधंदा होता. खरा माणूस वाडीत असायचा. पहाटे केळी, संध्याकाळी अबोली आणि रविवारी चर्चमधल्या मिसानंतर पानवेल. आमच्या परसात त्यांनी पहिल्या दिवशी पाऊल ठेवलं, माती चिमटीत घेतली, हुंगली आणि टाकून दिली. मी त्यांना कोठाराची गोष्ट सांगितली, अर्ध्या मीटरचा नियमही सांगितला. त्यांनी मान डोलावली. आमच्या घरी बोली वसईचीच चालते. इथे मी त्यांचं बोलणं शाळेच्या मराठीत लिहितोय, मूळचं याहून तिखट होतं.

"म्हणजे वीतभर मुळा चालेल," ते म्हणाले, "नारळ नाही."

मला वाटलं, त्यांना समजलं.

मार्चमध्ये विमानं बंद झाली. ईस्टरचा मिसा त्यांनी फोनवर पाहिला. गावचे फादर रिकाम्या चर्चमध्ये उभे राहून एकटेच गात होते. जून उलटला तरी पप्पा इथेच. परत न्यायला खास विमानं सुटत होती, त्यासाठी त्यांचं नाव नोंदवून ठेवलं होतं. ईमेल यायची, त्यात धीर धरा असं असायचं. माझी लायब्ररी बंद होती. वाचनालयातल्या म्हाताऱ्या सभासदांना फोन करून ते बरे आहेत ना, हे विचारण्याचं काम आम्हाला दिलं होतं. दिवसभर मी पुढच्या खोलीत कानाला हेडफोन लावून अनोळखी म्हाताऱ्यांची चौकशी करायचो आणि मागच्या खोलीत माझा म्हातारा खिडकीत बसलेला असायचा. बायको वृद्धाश्रमात शिफ्टला जायची. ती घरी आली की मागच्या दाराने थेट न्हाणीघरात. ती आंघोळ करून बाहेर येईपर्यंत पप्पा तिच्याशी बोलायचे नाहीत.

त्यांना इथलं ऊनच उमगेना. सूर्य उत्तरेकडून जातो, हे मान्य करायला त्यांना बरेच दिवस लागले. ते रोज व्हिडिओवर आईकडे तक्रार करायचे आणि आई रोज त्यांना झापायची.

"सूर्याला दिशा तुम्ही शिकवणार का?" ती म्हणायची. "काय लावलंय तिथे?"

"वाटाणा."

"थंडीत वाटाणा लावायला एवढ्या लांब गेलात?"

जुलैत आईचा आवाज बदलला. आधी मावशीला ताप आला, मग तिला. मावशी घरीच बरी झाली. जी कित्येक वर्षं उठली नव्हती ती उठून बसली. आईला मात्र श्वास लागला. माझ्या चुलतभावाने तिला ॲम्ब्युलन्समधून नेलं. दारातून पुढे त्याला जाऊ दिलं नाही. हॉस्पिटलमधून दिवसातून एकदा निरोप यायचा, आणि एखादी नर्स मनाने चांगली निघाली तर मिनिटभर व्हिडिओ दिसायचा.

पप्पांनी तेव्हा नवस केला. आमच्या गावच्या वेशीवर एक क्रूस आहे, चुन्याने रंगवलेला. मागे प्लेग आला तेव्हा गावाने तो उभारला आणि प्लेग वेशीतून आत आला नाही, असं सांगतात. असे क्रूस वसईत गावोगाव आहेत. प्लेग ज्या गावांत शिरला तिथेही आहेत. पण त्याबद्दल कोणी काही सांगत नाही. दर मे महिन्यात त्या क्रुसाला हार घालायचे, लोक जमून प्रार्थना म्हणायचे आणि शेवटी द्रोणातून उकडलेले चणे वाटायचे. लहानपणी माझी श्रद्धा चण्यांपुरती होती. पुढे चणेही दुकानात मिळायला लागले.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. विमान मिळत नाही, हॉस्पिटलमध्ये शिरता येत नाही, फोनवर धड बोलता येत नाही. माणसाने काहीतरी करायला हवं. हार्डवेअरच्या दुकानातून मी दोन जाड ओंडके मागवले. ते दुकानाच्या दारात गाडीच्या डिकीत टाकून मिळाले. पप्पांनी खाच पाडून ते जोडले, खिळा न वापरता. एका दुपारी मी फोन संपवून मागे गेलो तर परसाच्या कोपऱ्यात क्रूस उभा होता. माझ्या डोक्याच्या वर हातभर. माती दाबून, वर पाणी मारून चोपलेली.

"किती खोल गेलाय?" मी विचारलं.

"पडणार नाही इतका."

बायकोने डब्यातले चणे उकडले आणि आम्ही तिघांनी उभ्याने प्रार्थना म्हटली. पप्पांनी व्हिडिओवर आईला क्रूस दाखवला. तिच्या तोंडावर मास्क होता. नर्सने फोन जवळ नेला. आईने बराच वेळ पाहिलं.

"एवढं लाकूड," ती म्हणाली. मधे श्वास घेतला. "माझ्या कपाटाचं दार कधीपासून लटकतंय. त्याला तुम्हाला फळी मिळत नव्हती."

पप्पा त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवले. ती भांडली म्हणजे सुधारतेय, असं त्यांचं म्हणणं. आणि ती सुधारलीच. पुढच्या काही दिवसांत ऑक्सिजन कमी लागायला लागला. चुलतभावाने कळवलं, डॉक्टर म्हणतायत की आठवड्याभरात साध्या वॉर्डात हलवू. पप्पा रोज सकाळी अंघोळ करून क्रुसापाशी जायचे आणि नंतर वाटाण्याला पाणी घालायचे. मी खिडकीतून बघायचो. माझा विश्वास नव्हता, पण खिडकीपाशी उभं राहायला विश्वास लागत नाही.

त्याच आठवड्यात युद्ध संपल्याला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून वसाहतीत समारंभ झाला. म्हणजे ऑनलाइन झाला. कोठाराच्या जागेवर केलेल्या बागेत कोणालाच जाता येत नव्हतं, म्हणून एकटा कॅमेरामन तिथे उभा राहून रिकाम्या बाकांवरून कॅमेरा फिरवत होता. एका मान्यवरांनी आपल्या घरातल्या पुस्तकांसमोर बसून सांगितलं की, ही भूमी आता बरी झालेली आहे. भूमीला साध्या वॉर्डात कधी हलवलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मग बिगुल वाजला. तो अर्ध्यात अडकला, कारण नेट गेलं.

दोन दिवसांनी सकाळी दारावर टकटक झाली. पांढऱ्या पोशाखातली तीन माणसं उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, तोंडावर मुखवटे, हातांत दुहेरी मोजे. मागे ट्रक. एका बाईने मुखवटा थोडा खाली करून आपण इथल्या जमिनीवर देखरेख करणाऱ्या कंपनीकडून आलोय, असं सांगितलं. परसामागच्या पायवाटेवर भूजलाचे नमुने घ्यायला काल आमचा माणूस आला होता, ती म्हणाली, आणि त्याने तुमचं कुंपण पाहिलं.

मी तिच्याबरोबर कुंपणाला वळसा घालून मागे गेलो. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे उत्तरेचं ऊन येतं, तिथे वाटाण्याचे वेल चढवलेले होते. वेलांना आधार म्हणून खिळ्यांवर ताणून बांधलेली एक सुरेख नारिंगी जाळी होती. कडेला सुरीने कापलेली, धुऊन लख्ख केलेली.

वाडीतला माणूस चांगली जाळी टाकून देत नाही. पप्पांना खणताना ती लागली, त्यांनी ती हवी तेवढी कापून काढली, नळाखाली धुतली आणि कामाला लावली. मग उरलेलं खणलं. नारिंगी म्हणजे थांबा, हे त्यांच्या वाडीत कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. तिथे थांबायचं असतं ते पाणी लागल्यावर.

आम्ही परत आलो तेव्हा पप्पा दारात उभे होते. पायात बूट, तोंडावर मास्क, हातात छोटी बॅग. वसईत पांढऱ्या पोशाखातली माणसं कशासाठी येतात ते त्यांनी फोनवर पुष्कळ पाहिलं होतं. ते बाईंना इंग्रजीत म्हणाले, "मला ताप नाही. तपासून घ्या. पण न्यायचंच असेल तर मी तयार आहे. मुलगा आणि सून इथेच राहू द्या."

बाई गोंधळल्या. मी त्यांना समजावलं, मग पप्पांना समजावलं: ही माणसं तुमच्यासाठी आलेली नाहीत, क्रुसासाठी आलीत. बॅग त्यांनी खाली ठेवली नाही.

बाई चांगल्या होत्या. वाईट असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सांगितलं की, जाळीच्या खाली खणलं गेलं असेल तर जे वर आलंय आणि जे आत गेलंय ते सगळं त्याच दिवशी काढावं लागतं. लाकूडसुद्धा. मग खड्ड्याची माती तपासायला जाते. मी विचारलं, तपासणी होईपर्यंत क्रूस आहे तिथे झाकून ठेवता येणार नाही का? त्यांनी मान हलवली. दूषित समजायचं आणि मग तपासायचं, असा क्रम आहे. फोन काढून त्यांनी वरून आलेलं एक निवेदन आम्हाला वाचून दाखवलं: आपल्या रचनेचं सांस्कृतिक आणि आध्यात्मिक महत्त्व आम्ही मनापासून जाणतो.

"काय म्हणते?" पप्पांनी विचारलं.

"त्यांना माहीत आहे म्हणते, हा क्रूस आहे."

"मग सांग तिला," पप्पा म्हणाले, "माझी बायको हॉस्पिटलमध्ये आहे. घरी येईपर्यंत राहू दे. आली की मी स्वतः उपटून देतो. माझ्या हाताने."

मी ते सांगितलं. बाईंचे डोळे भरले, ते मुखवट्याच्या वर दिसत होतं. त्या म्हणाल्या, आय ॲम सो सॉरी. मग त्यांनी दोघांना खूण केली.

क्रूस सहज निघाला नाही, एवढं समाधान पप्पांना मिळालं. त्या दोघांना बराच वेळ तो हलवावा लागला. शेवटी तो आडवा केला, प्लास्टिकच्या जाड कापडात गुंडाळला, टोकांना चिकटपट्टी लावली आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलून ट्रकमध्ये ठेवला. वर पिवळी चिठ्ठी चिकटवली. वाटाण्याचे वेलही गेले, शेंगांसकट. पप्पा बॅग घेऊन तिथेच उभे होते. ट्रक वळेपर्यंत त्यांनी क्रुसाची खूण केली नाही. मग केली.

आई तिसऱ्या दिवशी गेली. सुधारत असताना अचानक असं होतं, डॉक्टर म्हणाले. रक्ताच्या गुठळीचं काहीतरी. चुलतभाऊ दफनभूमीच्या फाटकाबाहेर फोन उंच धरून उभा होता. आम्ही तिघं इथे सोफ्यावर ओळीने बसलो होतो. दूरवर पांढऱ्या पोशाखातली चार माणसं दिसली. दोन बाजूंनी उचललेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, टोकांना चिकटपट्टी लावलेलं. बायको उठून आत गेली. फादरांचा आवाज वाऱ्यात ऐकू येत नव्हता, म्हणून मी फोनचा आवाज वाढवला, तर फक्त वारा मोठा झाला.

पप्पांनी क्रुसाचं नाव एकदाही काढलं नाही. देवाने दिलं, देवाने नेलं, असं त्यांनी येणाऱ्या प्रत्येक फोनवर सांगितलं आणि त्यांचा त्यावर विश्वास होता. हिशेब मीच करत बसलो. जो मनुष्य सगळ्या गावात प्लेगच्या क्रुसावर हसायचा, तो लायब्ररीचे फोन करता करता मनाशी दिवस मोजत होता: उभारला तेव्हा सुधारली, काढला तेव्हा गेली. मला माहीत आहे की याला काही अर्थ नाही. मी रक्ताच्या गुठळ्यांबद्दल वाचलं, बरंच वाचलं. एका सभासद बाईंना मी फोनवर तब्येत विचारली, त्यांनी उलट माझी विचारली आणि मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, त्यांचे वडील त्या कोठारात कामाला होते. मी पुढे ऐकायला थांबलो, पण त्यांना तेवढंच सांगायचं होतं.

तपासणीचा निकाल महिन्याभराने आला. कंपनीच्या त्या बाईंनी स्वतः फोन केला. खड्ड्यात काही नव्हतं. मस्टर्ड नाही, दुसरं काही नाही, जाळीखालची माती वरच्या मातीइतकीच स्वच्छ. त्या भागात बहुधा कधी काही पुरलंच नसावं, त्या म्हणाल्या, जाळी सरसकट सगळीकडे अंथरलेली आहे. म्हणजे खड्डा त्यांनी पुन्हा भरला होता तो उगाचच, आणि त्यावर नवी जाळी टाकली होती तीही. आनंदाची बातमी देतानाचा त्यांचा आवाज मध्येच कसनुसा झाला. मी म्हटलं, नो वरीज. या देशात दुसरं काय म्हणतात ते मला येत नाही.

सप्टेंबरमध्ये पप्पांचं विमान ठरलं. खास विमान, दिल्लीपर्यंत. पुढे जमेल तसं. आदल्या दिवशी ते बॅग भरत होते. आईसाठी घेतलेला स्वेटर त्यांनी बॅगेत ठेवला, काढला आणि माझ्या बायकोला दिला. मग पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "तो कुठे नेला त्यांनी?"

मला कळलं.

"परत मागत नाही," ते म्हणाले. "नवस माझा होता, तिच्यासाठी केलेला. जिथे असेल तिथे एकदा उभा राहतो, प्रार्थना म्हणतो आणि जातो. तसंच कसं सोडून जायचं?"

मी बाईंना फोन केला. त्यांनी चौकशी करून पंधरा मिनिटांनी उलट फोन केला. निकाल यायच्या आधीच, नियमाप्रमाणे, क्रुसाची दूषित कचऱ्याच्या डंपिंगमध्ये विल्हेवाट लावली होती. जाळलेला नाही, पुरलाय. कुठल्या भागात पुरलाय तेही त्यांच्याकडे होतं, आणि आत जाता येणार नसलं तरी कुंपणापर्यंत रस्ता आहे, असं त्या म्हणाल्या. मी पप्पांना सांगितलं. ते लगेच बूट घालायला लागले.

मी फोनवर नकाशा काढला. त्या दिवसांत मेलबर्नमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची मुभा नव्हती. भारतात जायचं असेल तर होती.

डंपिंग सात किलोमीटरवर आहे.